लग्नाच्या कॅसेटींची पेटी उघडण्याआधी

अमळनेरचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली आली. झाकणावर सासऱ्यांच्या अक्षरात खडूनं लिहिलेलं : 'शूटिंग'. आत २७ व्हीएचएस कॅसेटी, ५ हाय-एट, ४ मिनी-डीव्ही (या दोन्ही घरच्या कॅमेऱ्यातल्या छोट्या कॅसेटी), रबरबँड वितळून एकमेकींना चिकटलेल्या सीडींची चवड आणि बिस्किटाच्या डब्यात सुपर-एटची दोन रिळं. यातलं काही शेवटचं कुणी पाहिलं, ते कुणालाच आठवेना. घरात व्हीसीआर उरलाच नव्हता.

दीर म्हणाले, "वहिनी, भंगारवाल्याला देऊन टाका. कोण बघणार आहे?" नणंदबाई म्हणाल्या, "एकही टाकायची नाही." एवढं बोलून दोघंही आपापल्या गावी गेले आणि पेटी धुळ्याला माझ्याकडे आली. मी शाळेत शिकवते, तंत्रातलं काही शिकलेली नाही. दोन वर्षं चुकत चुकत हे काम केलं. तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर निदान माझ्या चुका तुम्ही करू नका.

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते. मी सुरुवात यंत्रापासून केली. चालू व्हीसीआर मिळवायला चार महिने गेले आणि त्याच चार महिन्यांत मोठ्या आत्या गेल्या. सासऱ्यांच्या मामांकडची माणसं ओळखणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आज ती कॅसेट स्वच्छ दिसते. मांडवात ओळीनं बसलेली तीस माणसं दिसतात आणि त्यातल्या अकरा जणांची नावं आता कुणालाच सांगता येत नाहीत. यंत्र उद्याही मिळालं असतं.

म्हणून खालचा क्रम थोडा उलटा वाटेल. तो मुद्दाम तसा आहे.

१. पेटी उघडा, पण काहीही चालवून बघू नका

हात शिवशिवतील. शेजाऱ्यांकडे जुना व्हीसीआर आहे म्हणून कळेल, आणि एखादी कॅसेट घालून बघावीशी वाटेल. थांबा.

कॅसेटमधली फीत म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीवर एका चिकट लेपानं बसवलेली चुंबकीय भुकटी. हा लेप हवेतला ओलावा ओढून घेतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही जास्त. मग जूनमध्ये सगळं एकदम दमट. वर्षानुवर्षं हा खेळ सोसलेली फीत चालवल्याबरोबर तुटू शकते किंवा यंत्राच्या आत गुंडाळली जाऊ शकते.

त्याहून वाईट म्हणजे बुरशी. कॅसेट टॉर्चच्या उजेडात तिरकी धरा आणि खिडकीतून आत बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके, भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत घालून बाजूला ठेवा. एक बुरशी लागलेली कॅसेट चालवली की यंत्राचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होतं, आणि त्याच यंत्रात पुढे घातलेल्या चांगल्या कॅसेटींनाही लागण होते. आमच्या २७ पैकी ६ अशा निघाल्या. तपासताना तोंडाला फडकं बांधा.

दुसरं काम दोन मिनिटांचं, पण लगेच करा. व्हीएचएस कॅसेटच्या लेबलाच्या कडेला एक छोटी प्लास्टिकची चकती असते, ती स्क्रू-ड्रायव्हरनं मोडून टाका. ती असेपर्यंत चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं, तर जुनं पुसलं जातं. मिनी-डीव्ही आणि हाय-एटला त्याऐवजी सरकणारी कळ असते. आमच्या घरी हे कुणी केलं नव्हतं, त्यामुळे पुतण्याच्या जावळाच्या कॅसेटवर ऐन कात्री लागायच्या वेळी क्रिकेटची मॅच सुरू होते.

रिळांचा डबा उघडल्यावर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास आला, तर फिल्म सडायला लागली आहे. तो डबा इतर रिळांपासून दूर ठेवा, कारण तो वास दुसऱ्या फिल्मलाही बिघडवतो.

२. यादी करा, आणि लेबलावर विश्वास ठेवू नका

प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या. क्रमांक कॅसेटवरही चिकटवा आणि खोक्यावरही, कारण निम्म्या कॅसेटी दुसरीच्याच खोक्यात असतात. प्रत्येक लेबलाचा मोबाइलवर फोटो काढा. मग वहीत मांडा : क्रमांक, प्रकार, लेबलावर काय लिहिलंय, अंदाजे साल, अवस्था. शेवटी 'यात कोण असू शकेल' हा रकाना ठेवा आणि तो सध्या रिकामा राहू द्या.

आमच्या १४ नंबरच्या कॅसेटवर 'कोरी' असं लिहिलं होतं. मी ती टाकायच्या ढिगात ठेवली होती. जाऊबाईंच्या मुलानं गंमत म्हणून लावली, तर आत चाळीस मिनिटं आजेसासरे! ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडताहेत, शेजाऱ्यांशी अहिराणीत गप्पा मारताहेत. गल्लीतल्या शूटिंगवाल्यानं नवा कॅमेरा तपासायला तो तसाच चालू सोडला असावा. एकदा ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "बंद कर ना रे भो, काय कामनं शे हाई?" सगळ्या पेटीत याहून मोलाचं काही निघालं नाही.

साल ठरवायला लग्नपत्रिका सापडली तर उत्तमच. नसेल तर चित्रातल्या पाट्या वाचा. नंदुरबार, शहादा, तळोद्याकडच्या दुकानावर 'जि. धुळे' असेल, तर चित्रीकरण बहुधा १ जुलै १९९८ च्या आधीचं, कारण त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. (पाटी जुनीच राहिलेली असू शकते, म्हणून 'बहुधा'.) गाडीची नंबरप्लेट एमएच-३९ असेल, तर नक्कीच त्यानंतरचं. एमएच-१८ आणि एमएच-१९ वरून वऱ्हाड धुळ्याकडून आलं की जळगावकडून, तेही कळतं. कोपऱ्यात उमटलेल्या तारखेवर मात्र जाऊ नका. कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलेलंच नसायचं.

३. आधी म्हाताऱ्या माणसांकडे जा

यादी हातात आली की सर्वांत वयस्कर माणसाकडे जा. कॅसेट दाखवता येणार नाही, मग काय घेऊन जायचं? त्याच लग्नाचा फोटोचा अल्बम. माणसं तीच असतात. आत्या असताना हे मला सुचलं नाही.

अल्बमच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा, त्याची मोठी प्रिंट घ्या आणि पेन्सिलीनं चेहऱ्यांवर आकडे घाला. मूळ फोटोवर काही लिहू नका. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा आणि विचारत बसा. प्रश्न 'कोण आहे?' एवढाच नको. 'कुठून आले होते, कुणाच्या नात्यातले?' असं विचारलं की नाव आठवत नसलं तरी गाव आठवतं. आणि गावावरून नाव काढणारा कुणीतरी भेटतोच.

घाई करू नका. एका बैठकीत अल्बमची दहा पानं पुष्कळ झाली.

४. काय वाचवायचं आणि काय सोडायचं

यावर घरात भांडणं होतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळं वाचवायचं म्हटलं, तर काम कधीच संपत नाही. हिशेब करून बघा. तीन तासांची कॅसेट संगणकावर घ्यायला तीनच तास लागतात. ती पळवून लवकर उरकत नाही. २७ कॅसेटी म्हणजे जवळपास ८० तास. नोकरी, घर सांभाळून रविवारी एक कॅसेट केली, तरी सहा महिने. म्हणून रांग लावावी लागते.

माझी रांग अशी लागली. सर्वांत पुढे गेलेल्या माणसांचे आवाज. चेहरा फोटोत असतो, आवाज कुठेच नसतो. आमच्या सासूबाईंची अहिराणी, माझ्या माहेरची यावलकडची लेवा बोली, बायकांची मांडवातली गाणी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गौराईची गाणी, कानबाईच्या रात्रीचं जागरण हे सगळं ज्या ज्या कॅसेटीत होतं, त्या आधी. त्यानंतर ज्या कॅसेटीची दुसरी प्रत कुठेच नाही, त्या. लग्नाच्या कॅसेटची एक प्रत सोयऱ्यांकडे असतेच. फोन करून विचारा. कदाचित त्यांची आपल्यापेक्षा चांगल्या अवस्थेत असेल. आमच्या दोन बुरशी लागलेल्या लग्नांच्या स्वच्छ प्रती चोपड्याला व्याह्यांच्या कपाटात मिळाल्या. पुढे मग मोडलेली घरं, बुजलेल्या विहिरी, आता नसलेला बाजार. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतल्या घोडेबाजाराचं काका-सासऱ्यांनी हाय-एटवर केलेलं वीस मिनिटांचं चित्रीकरणही मी यात धरलं, घरचं कुणी त्यात दिसत नसलं तरी.

आता एक अनुभवाचा सल्ला. लग्नाच्या कॅसेटमधला आहेराचा भाग सगळे कापायला निघतात. 'तासभर नुसते लोक येतात, पाकीट देतात, फोटो काढतात, काय बघायचं?' असं म्हणतात. कापू नका! आपल्याकडे आहेर माइकवर पुकारतात : अमुक गावचे अमुक पाटील यांच्याकडून एकशे एक रुपये. नाव कानावर येतं आणि तोच माणूस समोर उभा असतो. गर्दीतले चेहरे ओळखायला याहून चांगला दाखला नाही. आत्यांसोबत गेलेल्या नावांपैकी चार मला अशीच एका आहेरातून परत मिळाली. त्या अकरांत ती धरलेली नाहीत.

निर्धास्तपणे सोडून द्या : टीव्हीवरून उतरवलेले सिनेमे आणि मालिका, एकाच लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या प्रती, सहलीतला नुसता धबधबा. आणि हृदयाच्या आकारात नवरा-नवरी फिरवलेलं ते मिक्सिंग. ते टाकायचंच असं नाही, पण त्यासाठी रविवार घालवू नका.

मिक्सिंगवरून आठवलं. शूटिंगवाले मांडवातला खरा आवाज काढून त्यावर सिनेमाची गाणी चढवत. तुमच्या लग्नाचा शूटिंगवाला अजून गावात असेल, तर त्याला मिक्सिंगच्या आधीची मूळ टेप आहे का विचारा. बहुतेकांनी त्या पुसून पुढच्या लग्नाला वापरल्या. आम्हाला एक मिळाली, चहाच्या एका कपावर.

५. सोपं आधी उरका : सीडी आणि डीव्हीडी

साध्या सीडी-ड्राइव्हवर हे काम होतं. व्हीसीडीमध्ये, म्हणजे व्हिडिओच्या सीडीमध्ये, 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरात 'डॅट' फाइली असतात, त्या जशाच्या तशा कॉपी करा. पुढे नावाचं शेपूट 'एमपीजी' केलं की बहुतेक ठिकाणी चालतात. डीव्हीडीमधलं 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर अख्खं उचला. लगेच दुसऱ्या प्रकारात बदलण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक बदलात चित्र थोडं थोडं झिजतं.

घरी लिहिलेल्या सीडीचा रंगीत थर काळानुसार उडतो. अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, अनेकदा तिथे चालते. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही.

सापळा असा : 'हे लग्न सीडीवर आहे, मग कॅसेट टाकू' असा निर्णय घेऊ नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, वेगवान हालचालीत चौकोन चौकोन दिसणारं. कॅसेट ठीक असेल तर तिच्यातून आज नीट घेतलेली प्रत त्या सीडीपेक्षा सरस निघते.

६. कॅसेटी दुकानात द्यायच्या असतील तर

बहुतेकांनी हाच मार्ग घ्यावा, असं माझं मत. पण सगळी पेटी एकदम देऊ नका. मी तेच केलं होतं. परत आल्या त्या डीव्हीडींवर तीन तास एकाच तबकडीत कोंबलेले, चेहरे पाण्यात बुडाल्यासारखे, सुरुवातीला गुलाबाची फुलं आणि कॅसेट 'बोअर' होती म्हणून दोन ठिकाणी आजीच्या बोलण्यावर शहनाई. वर दोन कॅसेटी दुसऱ्याच कुणाच्या. आमच्या दोन परत मिळवायला तीन चकरा झाल्या.

आधी एकच कॅसेट द्या, आणि तीही कमी महत्त्वाची. देताना हे बोलून घ्या, शक्यतो कागदावर :

- डीव्हीडी नको, फाइल हवी. हार्डडिस्क आमची.
- आवाज मूळचाच राहू द्या. गाणी, शीर्षकं, कापाकापी काही नको.
- सुरुवातीपासून फीत संपेपर्यंत सगळं घ्या. मध्ये काळा पडदा आला तरी थांबवू नका. आमच्याकडे लग्न संपल्यावर वीस मिनिटांच्या अंधारानंतर बारसं निघालं.
- बुरशी लागलेल्या कॅसेटी वेगळ्या आहेत. त्या स्वच्छ करता येतात का, कशा करता, ते विचारा. 'काही होत नाही, चालते' असं उत्तर आलं तर उठा.
- तुमच्या क्रमांकांची यादी दोन प्रतींत. एकीवर दुकानदाराची सही.
- आमच्या फाइली तुमच्या संगणकावरून कधी पुसणार?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण घरातल्या लेकीबाळी त्यात असतात.

७. घरीच करायचं असेल तर

लागणारं सामान :

- चालू व्हीसीआर (हाय-एट आणि मिनी-डीव्हीसाठी त्या त्या जातीचा कॅमेराच लागतो)
- पिवळी-पांढरी-लाल एव्ही वायर
- यूएसबीला लागणारं व्हिडिओ कॅप्चरचं यंत्र
- लॅपटॉप, ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर
- दोन हार्डडिस्क
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं मऊ कापड
- वही. हो, पुन्हा वही.

व्हीसीआर आता नवे बनत नाहीत. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैत शेवटचे बनवले. म्हणजे जुनाच घ्यावा लागेल, आणि त्याचे रबरी पट्टे बहुधा सैल झालेले असतील. गावातला जुना टीव्ही-रेडिओ मेकॅनिक शोधा. हे कसब असलेले हात कमी उरलेत. आमचा व्हीसीआर दुरुस्त केला त्या काकांनी पैसे घेतले नाहीत, पण स्वतःच्या लग्नाची कॅसेट आमच्याकडे लावून बघितली.

हेड पुसताना कानात घालायची कापसाची काडी वापरू नका. कापसाचा धागा अडकून हेड तुटतं. अल्कोहोलनं ओलावलेलं कापड गोल डब्यासारख्या ड्रमला हलकेच टेकवून धरायचं आणि ड्रम हातानं फिरवायचा. वरखाली कधीही घासायचं नाही.

बरेच दिवस पडून असलेली फीत चालवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि परत मागे गुंडाळा. त्यात आवाज बदलला, घरघर झाली तर लगेच थांबवा. चित्रात वर-खाली पांढरे पट्टे येत असतील, तर ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवा.

सॉफ्टवेअरमध्ये रंगपद्धत 'पाल' निवडा. आपल्याकडचं सगळं पालमध्ये आहे : ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. ती चुकली तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा लोळत राहतं. (परदेशातून नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट अशी वागली, तर ती अमेरिकी पद्धतीची असेल.) आकार ७२० बाय ५७६ ठेवा. सेकंदाला ८ मेगाबिट दर धरला, तर तासाला साधारण ३.६ जीबी लागतात, म्हणजे आमच्या ८० तासांना ३०० जीबीच्या आत.

आणि लाइट! चोवीस तास वीज गृहीत धरून लिहिलेल्या सूचना आपल्या कामाच्या नाहीत. अडीच तास रेकॉर्डिंग झालं आणि लाइट गेली. फाइल अर्धवट राहिली, उघडेचना. म्हणून ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग 'एमपी-फोर' ऐवजी 'एमकेव्ही' प्रकारात करा. मध्येच बंद पडलं तरी तोवरचं शाबूत राहतं, आणि नंतर त्याच सॉफ्टवेअरमधून एमपी-फोर करून घेता येतं. व्हीसीआर इन्व्हर्टरवर लावा. हार्डडिस्क जुन्या 'फॅट-३२' पद्धतीची असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर मावत नाही. तिला 'एक्सफॅट' करून घ्या, पण आत काही नाही ना ते पाहून, कारण असं करताना सगळं पुसलं जातं.

मिनी-डीव्हीची गोष्ट वेगळी. त्यात चित्र आधीच आकड्यांत साठवलेलं असतं. पिवळ्या वायरनं घेतलं तर उगाच झीज होते. ते फायरवायर नावाच्या जोडणीनं जसंच्या तसं उतरवता येतं, तासाला सुमारे १३ जीबी. नव्या लॅपटॉपला ती जोडणी नसते. आम्ही कॉलेजच्या जुन्या डेस्कटॉपवर भागवलं.

हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, जुन्या टीव्हीचं चित्र तसंच असतं. रेघा काढलेली प्रत बघण्यासाठी करा, मूळ फाइल तशीच ठेवा. आणि हल्ली एआयनं चेहरे 'स्पष्ट' करून देतात ना, तसं एकदा करून पाहिलं. सासूबाईंचे दात सरळ झाले, कपाळावरचं गोंदण गेलं. नणंदबाई बघून म्हणाल्या, "हाई कोन शे?"

८. रिळं

सुपर-एटचं ५० फुटांचं रीळ जेमतेम साडेतीन मिनिटं चालतं. जुना प्रोजेक्टर मिळाला तरी त्यावर लावू नका. आकसलेली फिल्म दातऱ्यांत फाटते. एकेक चौकट स्कॅन करणारी जागा शोधावी लागते. ती मोठ्या शहरात मिळते आणि स्वस्त नसते. दोनच रिळं होती म्हणून आम्ही पुण्याला जाताना हातानं नेली. उन्हाळ्यात एसटीच्या डिकीत किंवा कुरिअरनं पाठवू नका.

९. आखाजीला बघायला बसा

फाइली झाल्या की त्या हार्डडिस्कवर पुन्हा झोपतात, पूर्वी माळ्यावर झोपायच्या तशा. आम्ही आखाजी निवडली, कारण तेव्हा माहेरवाशिणी घरी असतात आणि चेहरे ओळखणारे डोळे मुख्यतः त्यांचेच. पुरुषांना वऱ्हाडातला फक्त स्वतःचा मित्र आठवतो.

मोठ्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावा. तीन तास कुणी बसत नाही, म्हणून चाळीस मिनिटांचे तुकडे निवडून ठेवा. एक जण रिमोटवर, एक जण वहीवर. कुणी नाव घेतलं की थांबवायचं, वेळ लिहायची : '१२ मिनिटं, निळं लुगडं, डांभुर्णीच्या आक्का'. खोलीत बोललं जाणारं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करा. कॅसेटमध्ये नाही ते तिथे बोललं जातं. मांडवात रुसून बसलेले जिभाऊ कशावरून रुसले होते, ते आम्हाला तीस वर्षांनी कळलं. घोटलेल्या भाजीत मीठ कमी पडलं होतं. बट्टीवर तूप मागितलं तर वाढप्यानं ऐकलं नाही, हे वरून.

रडू येईल हे धरून चला. अलीकडेच कुणी गेलं असेल, तर त्या घरच्यांना आधी सांगा की यात ते दिसणार आहेत. बघायचं की नाही ते त्यांनी ठरवू द्या.

नंतर फाइलला नाव द्या : साल, महिना, गाव, प्रसंग, कॅसेट क्रमांक. नाव रोमन अक्षरांत द्या, काही टीव्ही मराठी नावाच्या जागी चौकोन दाखवतात. नावांची वही टंकून त्याच फोल्डरात ठेवा.

१०. कुणाला द्यायचं, कुणाला नाही

एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाबहिणीकडे आणि जमलं तर एक ऑनलाइन. गूगलची मोफत १५ जीबी जागा मेल आणि फोटो धरून असते, त्यात फक्त निवडक मावेल. पेनड्राइव्हवर एकमेव प्रत कधीही ठेवू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, तो मूळ समजून जपू नका.

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' म्हणजे खाजगी नव्हे. दुवा ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. शिवाय मिक्सिंगमधल्या सिनेमाच्या गाण्यांमुळे कॉपीराइटचा दावा येतो, कधी व्हिडिओच अडवला जातो.

आणि हे सगळ्यात नाजूक. पेटीत एका चुलत नणंदेच्या लग्नाची कॅसेट होती, जे लग्न दोन वर्षांत मोडलं. घरात मतं पडली : जाळा, लपवा, तिला सांगूच नका. मी तिलाच फोन केला. ती म्हणाली, "माझी आजी ज्यात आहे तेवढं मला काढून दे. कॅसेटही दे, तिचं मी बघेन." तसंच केलं आणि माझ्याकडची फाइल तिच्यासमोर पुसली. लहान मुलांच्या आंघोळीची, बाळंतिणीच्या खोलीतली, कुणी दारू पिऊन घातलेल्या गोंधळाची दृश्यंही अशीच. ज्याचं आहे त्याला विचारायचं. ग्रुपवर टाकून नंतर 'सॉरी' म्हणायचं नाही.

गावाच्या उपयोगाचं काही असेल, जत्रा, सहकारी संस्थेचं उद्घाटन, जुनी बोली, तर संस्थेला देता येतं. धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. फिल्मची रिळं असतील तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, स्थापना १९६४. पेटी उचलून दारात नेऊन ठेवू नका. आधी पत्र किंवा फोन करून असं साहित्य घेता का, ते विचारा. सोबत द्यायला यादी, चित्रातल्या हयात व्यक्तींची लेखी संमती आणि वापर कुणी कसा करायचा याचं तुमचं पत्र तयार ठेवा, आणि पोच घ्या.

११. मूळ कॅसेटींचं काय?

महत्त्वाच्या आहेत त्या ठेवा. उद्या याहून चांगली प्रत काढता येईल. पुस्तकासारख्या उभ्या, पूर्ण गुंडाळून, तळमजल्यावर आतल्या भिंतीच्या कपाटात. स्पीकर जवळ नको, डांबराच्या गोळ्या नकोत. पावसाळ्याआधी सिलिका जेलच्या पुड्या बदला.

टाकायच्या असतील त्यांची फीत बाहेर ओढून कात्रीनं कापा आणि ई-कचरा घेणाऱ्याला द्या. जाळू नका, धूर विषारी असतो. शेतात पाखरं हाकलायला फीत ताणतात, आमच्या दिरांनीही मागितली होती. पण ती तुटून चाऱ्यात जाते आणि गुरांच्या पोटात सापडते, म्हणून दिली नाही.

हार्डडिस्कही अमर नाही. दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही जोडून चार फाइली उघडून बघते आणि वहीत तारीख टाकते. बुरशीच्या सहापैकी दोन प्रती चोपड्याहून आल्या, तीन कॅसेटी स्वच्छ करून निघाल्या. २२ नंबर अजून पिशवीत आहे. लेबलावर फक्त 'माय' लिहिलंय. ती मी कुणाच्याही हाती द्यायला धजलेली नाही.